वंश, जात आणि चर्च : एका दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं असेल तर

पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं ते आधी सांगते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सहा पाहुण्यांना शाल-श्रीफळ, संदेशवाचन, यातच पावणेबारा वाजले. नगर जिल्ह्यातून एसटीने आलेल्या दलित ख्रिस्ती शिक्षिकेच्या वाट्याला जेवणाआधीची दहा मिनिटं आली. त्या बोलत होत्या आणि मागे ताटं वाजत होती. विषय होता मानवी प्रतिष्ठा.

तेव्हापासून ज्याचं दुखणं, त्याचं भाषण पहिलं. शाल-श्रीफळ बंद. त्या पैशात बाहेरगावच्यांचा प्रवासखर्च देतो, रोख, आल्या आल्या. जाताना पाकीट मागायला लावू नका.

विषय नुसता ‘वंशवाद आणि कॅथलिक नीतिशास्त्र’ असा ठेवलात तर आमच्या वसईत सगळे माना डोलावतात, कारण वंशवाद म्हणजे अमेरिका. म्हणून अमेरिका घ्या, पण एकाच व्यवहारापुरती. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी (जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी) २७२ गुलाम माणसं १ लाख १५ हजार डॉलरना लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकायचं ठरवलं. त्या पैशांतला काही भाग त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं, म्हणजे आताच्या विद्यापीठाचं, कर्ज फेडायला गेला. दस्तात पहिलं नाव आयझॅकचं. २०१७ मध्ये विद्यापीठाने एका इमारतीला त्याचं नाव दिलं. गटांना एकच प्रश्न द्यायचा : यातल्या कितीतरी जणांचा बाप्तिस्मा झाला होता, मग विकणाऱ्यांनी मनाची समजूत कशी घातली असेल?

उत्तरं रंगात आली की लगेच तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीतल्या भिंतीचा फोटो पडद्यावर लावा. भिंतीच्या एका बाजूला दलित कॅथलिकांच्या कबरी, दुसऱ्या बाजूला बाकीच्यांच्या. सभागृह गप्प होतं ते इथे. या दोहोंच्या मध्ये चहा ठेवू नका. आम्ही एकदा ठेवला, लोक अंगणात जाऊन क्रिकेटवर बोलून आले.

वाचायला एकच कागद द्या, पाठपोट. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, १९६५ च्या ‘गाउदिउम एत स्पेस’ या दस्तऐवजाचा २९ वा परिच्छेद, मराठीत : वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव ईश्वरी योजनेविरुद्ध आहे. मागे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद, कोणत्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचं ते सांगणारा. आधी त्यात जवळपास फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. हे समजावायला वकील बोलवा, पण दुपारी. सकाळी ठेवलंत तर दिवसभर सरकारलाच शिव्या घालणं होतं, आणि आपल्या घरातलं बोलणं राहून जातं.

प्रश्न माइकवर घेऊ नका. माइक हातात आला की ज्याचं त्याचं प्रवचन सुरू होतं. चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायला लावू नका, आणि चिठ्ठ्या निवडायचं काम फादरांना देऊ नका. प्रत्येक चिठ्ठी वाचायची. मागच्या वर्षी एक आली, वहीच्या पानाचा चतकोर तुकडा, जांभळ्या पेनाने लिहिलेला : ‘लग्न जुळवताना “आपल्यातलीच मुलगी हवी” म्हणतात, त्यातले आपण म्हणजे कोण?’

वाचणाऱ्या मुलीने ती दोनदा वाचली. उत्तराला मंचावरून कुणीच उठेना. यंदाचा विषय तोच आहे. पहिलं भाषण कुणाला द्यायचं, यावर समितीत अजून भांडण चालू आहे.