एमडी झालात, आता मेडिकल कॉलेजात शिकवायचंय?

असिस्टंट प्रोफेसर होण्याचा नेहमीचा रस्ता सरळ आहे. आधी त्या विषयातली एमडी, एमएस किंवा डीएनबी, आणि मग मान्यताप्राप्त मेडिकल कॉलेजात त्याच विषयात एक वर्ष सिनिअर रेसिडेंट (पदवी झाल्यावर विभागात पूर्णवेळ काम करणारा डॉक्टर). ‘मग’ आणि ‘त्याच विषयात’ हे शब्द नीट वाचा. मेडिसिनच्या एमडीने कॅज्युअल्टीत मेडिकल ऑफिसर म्हणून वर्ष काढलं, तर काम कितीही केलेलं असो, ते वर्ष शिकवण्याच्या अनुभवात धरत नाहीत.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून पीजी (एमडी-एमएससारखं पदव्युत्तर शिक्षण) केलं की एक वर्षाचा बाँड, म्हणजे सरकारी सेवेचा करार, मागे असतोच. शिकवण्याकडे कल असेल तर बाँडची जागा निवडताना कॉलेजातली सिनिअर रेसिडेंटची जागा पकडा. बाँडही फिटतो आणि वर्षही कारणी लागतं. जिल्हा रुग्णालयात गेलात तरी सगळं संपत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2025 च्या नियमांनुसार 220 किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काम केलेला पीजी डॉक्टर सिनिअर रेसिडेंटशिप न करताही असिस्टंट प्रोफेसर होऊ शकतो. पण तिथे एकाची दोन वर्षं होतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीत एमएससी-पीएचडी झालेल्यांनाही जागा मिळतात. मात्र त्यांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, म्हणून अर्ज करण्याआधी विभागात किती जागा भरल्यात ते विचारून घ्या.

पुढचा हिशोब असा: असिस्टंट म्हणून चार वर्षं झाली की असोसिएट प्रोफेसर, असोसिएट म्हणून तीन वर्षं झाली की प्रोफेसर. त्यासाठी पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, लागतात, असोसिएटला दोन आणि प्रोफेसरला एकूण चार. त्यातले निदान दोन असोसिएट असतानाचे हवेत. नाव पहिल्या तिघांत किंवा करस्पाँडिंग ऑथर म्हणून असायला हवं. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. चौथ्या वर्षी घाईने केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिगत) पाठवतात आणि तो मोजतच नाहीत. मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज एवढंच चालतं, तेही मेडलाइन, स्कोपससारख्या यादीतल्या जर्नलमध्ये. स्वीकारल्यापासून छापून येईपर्यंत महिने जातात, म्हणून पहिला पेपर दुसऱ्या वर्षातच पाठवा. थिसिसचा डेटा पडून असेल तर सुरुवात त्यानेच करा.

सोबत दोन कोर्स. बायोमेडिकल रिसर्चचा (बीसीबीआर) ऑनलाइन असतो, पण परीक्षा ठरावीक वेळीच होते. वैद्यकीय शिक्षणाचा (बीसीएमईटी) तीन दिवसांचा आणि प्रत्यक्ष हजर राहून करायचा असतो. याला बरेच जण कंटाळतात, पण कामाचा हाच जास्त. तिथे पहिल्याच दिवशी लेक्चरचं उद्दिष्ट लिहायला लावतात. ‘विद्यार्थ्याला ॲनिमिया समजला पाहिजे’ असं लिहिलं की ते परत येतं, कारण ‘समजला’ हे तपासायचं कसं? ‘दिलेल्या हिमोग्रामवरून (रक्ताच्या रिपोर्टवरून) ॲनिमियाचा प्रकार ओळखेल’ असं लिहिलं की त्यावर प्रश्नही काढता येतो आणि लेक्चरमधून काय गाळायचं तेही कळतं. पन्नास मिनिटांत ऐंशी स्लाइड्स पळवणाऱ्यांचं दुखणं बहुधा याच पायरीवर सुरू झालेलं असतं.

आता कागद. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पीजी पदवीची ‘ॲडिशनल क्वालिफिकेशन’ म्हणून नोंद केल्याशिवाय रुजू होऊ नका. मूळ नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याला परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. अनुभवपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा: पदनाम, विषय, कधीपासून कधीपर्यंत, डीनची सही, जावक क्रमांक. पदनामाच्या जागी ‘क्लिनिकल असोसिएट’ असं काही लिहिलेलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. डीन बदलल्यावर ते काम महिनोन्‌महिने रखडतं. जुन्या कॉलेजातून कार्यमुक्त झाल्याची तारीख आणि नव्या कॉलेजात रुजू झाल्याची तारीख एकमेकांवर चढता कामा नये.

विषयाचा विचार पैशाच्या अंगानेही करा, त्यात लाजायचं काही नाही. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत पगार हीच मिळकत, पण रात्रीच्या ड्यूट्या नसतात. पॅथॉलॉजीवाल्याला लॅबचा आधार असतो. सर्जरी किंवा ऑर्थोमध्ये बाहेरची प्रॅक्टिस सोडायला मन धजत नाही, आणि सरकारी नोकरीत व्यवसायरोध भत्ता (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा) घेतला की ती सोडावीच लागते. सरकारी कायम नेमणूक एमपीएससीतून होते, आणि मग बदली आली. 2024 मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीमसह दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, म्हणून मुंबई-पुण्यातच राहू हे गृहीत धरू नका.

खासगी कॉलेजात ‘फक्त आयोगाच्या तपासणीच्या दिवशी या, महिन्याला इतके देऊ’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. हजेरी आधारशी जोडलेली आहे, कामाच्या दिवसांपैकी 75 टक्के भरावी लागते, आणि खोटेपणा सापडला तर तुमची नोंदणीही अडचणीत येते. रुजू होण्याआधी तिथल्याच कनिष्ठ शिक्षकांना बाजूला घेऊन विचारा, पगार किती महिने मागे आहे? नोटीस पिरियड किती? विद्यापीठाची शिक्षक-मान्यता कोण आणि कधी काढून देतं? मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. ऑफिसात ठेवून घ्यायची पद्धत आहे असं सांगितलं, तर साक्षांकित प्रती ठेवून या.