फूड ट्रक काढताय? गाडी सगळ्यात शेवटी घ्या

फूड ट्रक काढायचाय म्हणत कुणी भेटायला आलं की मी एकच विचारतो, ‘उभा कुठे करणार?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘गाडीच आहे ना, फिरवत राहू.’ मीही हेच म्हणत होतो. मावसभावाबरोबर पुण्यात थालीपिठांची गाडी काढली आणि पहिले तीन महिने थालीपिठं कमी भाजली, डिझेल जास्त जाळलं. आज कर्वेनगर, उद्या बाणेर, परवा विमाननगर. थालीपीठ आवडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर यायचं, तेव्हा आम्ही दहा किलोमीटर लांब. फूड ट्रक फिरतो तो धंद्याला निघताना आणि घरी परतताना. मधले सहा तास ती टपरीच असते, आणि टपरीला पत्ता लागतो.

कागदांबाबतचा घोळही इथूनच सुरू होतो. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली की लोकांना वाटतं, परवाना मिळाला, आता कुठेही उभं राहता येईल. तो कागद अन्नापुरता, आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, ते गाडीपुरतं. जागेबद्दल दोन्ही गप्प. रस्त्याकडेला विकायचं तर २०१४चा फेरीवाला कायदा लागतो. विक्रीचं प्रमाणपत्र हवं आणि जागाही नेमून दिलेल्या क्षेत्रातली हवी. नाहीतर एका संध्याकाळी अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि गरम तव्यासकट सगळं उचलून नेते. शोरूमवाला ‘आमच्यासमोर लावा की’ म्हणाला म्हणून हुरळू नका, समोरचा फुटपाथ त्याच्या बापाचा नसतो. खासगी आवारच बघा आणि करार लेखी करा. पाणी कुठून घ्यायचं, खरकटं पाणी कुठे सोडायचं, वीज मिळेल का, कामावरच्या पोरांनी लघवीला कुठे जायचं, हे त्यातच लिहून घ्या. शेवटचा मुद्दा कुणी विचारत नाही आणि भांडणं त्यावरूनच होतात.

जागा पक्की करण्याआधी दोन आठवडे तिथे, विक्रीच्याच वेळेला, नुसते बसून माणसं मोजा. आयटी कंपन्यांच्या हिंजवडीत सोमवार ते शुक्रवार दुपारी गर्दी, शनिवारी शुकशुकाट. कॉलेजजवळची जागा मे महिन्यात ओस पडते. चिकन विकणार असाल तर श्रावण हिशोबात धरा. पालखीच्या दिवसांत आणि गणपतीत कुठले रस्ते बंद होतात, तेही वहीत टिपून ठेवा. पेठांत गाडी लावायचा विचार असेल तर विसर्जनाच्या आधीच्या दिवसांत ती आत तरी नेता येईल का, हे आधी बघा.

आता गाडी. छोट्या हत्तीची, म्हणजे टाटा एसची, भार वाहायची क्षमता साधारण पाऊण टन. गाडीची बॉडी बांधणाऱ्या फॅब्रिकेटरला विचारलंत तर तो ‘काही होत नाही साहेब’ म्हणेल. आमचाही म्हणाला होता. बेरीज करा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलेंडर भरलेला असताना पस्तीसच्या आसपास, आणि असे दोन. तीन माणसं, फ्रीज, जनरेटर, तवा, आणि या सगळ्यावर जाड पत्र्याची बॉडी. चांदणी चौकातून उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी न थांबता निवांत थांबली, तेव्हा आम्ही वजनकाट्यावर गेलो. तिथून आलो ते पाण्याची टाकी निम्म्या मापाची करायचं ठरवून. टाकी जागेवर पोचल्यावरच भरा. अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडीला ओढते. शिवाय गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद हवी. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.

गॅसवर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात धोकादायक चुका इथेच होतात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली की तो वर जात नाही, फरशीलगत साचतो. छताचा पंखा धूर ओढतो, हा गॅस नाही. म्हणून खालच्या पत्र्याला, फरशीच्या पातळीवर, जाळीची भोकं पाडून घ्या. सकाळी आधी दारं उघडा, मग बाकी काही. वास आला तर दिवा, पंखा, काहीच चालू-बंद करू नका. सिलेंडर बंद करून बाहेर पडा. खड्ड्यांनी गॅसच्या नळीच्या क्लिप सैल होतात, तेव्हा रोज जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. गाडी चालू असताना सिलेंडर बंद आणि कायम उभा, बांधलेला. घरगुती लाल सिलेंडर धंद्यात वापरणं गुन्हा आहे, ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

ज्योत पिवळी आणि तव्याचं बूड काळं होतंय? बर्नरची भोकं तुंबलीत किंवा हवेची झडप नीट नाही. ज्योत वाऱ्याने लोळतेय? तीन बाजूंनी पत्रा लावा. थंडीत, गर्दीच्या वेळी ज्योत मंदावते आणि सिलेंडरच्या बुडाला दव धरतं? सिलेंडर रिकामा नाही. गॅस इतका भराभर ओढला जातोय की आतलं द्रव गार पडतंय. दोन सिलेंडर एकत्र जोडून घ्या. गरम पाणी ओतायचा किंवा खाली शेगडी ठेवायचा उद्योग अजिबात नको.

जनरेटर घेताना लोक उपकरणांवरचे वॅट बेरजेला घेतात आणि फसतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून मिक्सर चालू असताना फ्रीज लागला की सगळं बंद. आधी फ्रीज सुरू होऊ द्या, मग बाकीचं. आम्ही शेवटी डीप फ्रीझर काढून बर्फाची पेटी ठेवली. पाच तासांना पुरते. थंड ते ५ अंशांखाली, गरम ते ६० अंशांवर, एवढं थर्मामीटरने रोज बघा. मे महिन्यात हाताने अंदाज घेऊन भागत नाही.

मेनू चौदा पदार्थांचा होता, चारावर आणला. माल उरायचा थांबला.

हिशोबात मात्र आम्ही वर्षभर स्वतःला फसवलं. थालीपीठ ८० रुपये, पीठ-दही-लोणी २६, म्हणजे ५४ सुटले! त्यातून ताटली आणि कागदाचे ६ गेले, उरले ४८. महिन्याचा बाकी खर्च: जागा १८ हजार, दोन पोरं ३० हजार, गाडीचा हप्ता १४ हजार, गॅस-डिझेल-देखभाल १२ हजार. एकूण ७४ हजार. महिन्यात २५ दिवस धंदा धरला तर रोजचे २९६०, म्हणजे ६२ थालीपिठं. त्रेसष्टावं थालीपीठ विकेपर्यंत आमच्या खिशात काही येत नव्हतं आणि आम्ही मात्र चाळिसाव्यालाच चहा मागवून खूश.

आणि फॅब्रिकेटरला आगाऊ पैसे देण्याआधी एक करा. घरातल्या हॉलमध्ये खडूने गाडीएवढा चौकोन आखा, तवा, फ्रीज, गल्ला यांच्या जागी पाट मांडा आणि दोघांनी मिळून चाळीस थालीपिठं लावल्याचं नाटक करा. बायको हसेल, हसू द्या. आमच्या गाडीत फ्रीजचं दार तव्याकडे उघडायचं. पुढची तीन वर्षं ते अर्धंच उघडत होतं.