शालेय वर्षाच्या अखेरीस पालकांना ग्रासणारा बर्नआउट: या चुका टाळा

शाळेचे वर्ष संपत आले की घरातील कामे कमी होण्याऐवजी वाढत जातात. वार्षिक परीक्षा, राहून गेलेले प्रकल्प, वर्षअखेरीचे कार्यक्रम, पुढच्या वर्गाचे अर्ज आणि शुल्क, शिक्षकांच्या भेटी हे सारे नेमके अशा वेळी अंगावर येते, जेव्हा मुले वर्षभराच्या वेळापत्रकाला कंटाळलेली असतात आणि पालकांच्या नोकरीतील रजाही बहुधा संपत आलेल्या असतात. या दिवसांत दमणे स्वाभाविक आहे. परंतु काही पालकांचा थकवा रात्रभराच्या झोपेने किंवा सुट्टीच्या एखाद्या दिवसाने उतरत नाही. सकाळी डोळे उघडताच मुलांना उठवायचे, आवरून शाळेत पाठवायचे, या नुसत्या विचारानेच त्यांना गळून गेल्यासारखे होते. बर्नआउट म्हणतात तो हाच थकवा, आणि तो वेगळा ओळखता आला पाहिजे.

बेल्जियममधील लुवाँ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इझाबेल रॉस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी पालकांच्या बर्नआउटचा सविस्तर अभ्यास केला असून तो मोजण्यासाठी २०१८ मध्ये २३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार याची लक्षणे चार आहेत: पालक म्हणून येणारी पराकोटीची थकावट, ‘मी पूर्वीसारखी आई किंवा पूर्वीसारखा बाप राहिलो नाही’ ही बोच, पालकपणाच नकोसे वाटणे आणि मुलांपासून मनाने दुरावणे. याच संशोधनात कारणाचाही उलगडा केलेला आहे. तराजूच्या एका पारड्यात ताण वाढवणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्यात आधार देणाऱ्या गोष्टी ठेवल्या, आणि ताणाचे पारडे दीर्घकाळ जडच राहिले, की बर्नआउट होतो. म्हणजेच हा प्रश्न इच्छाशक्तीचा किंवा मुलांवरील प्रेमाचा नाही. तरीही वर्षाच्या शेवटी बहुतेक पालक निर्धाराच्या बळावरच दिवस रेटू पाहतात, आणि पुढील चुका तिथूनच सुरू होतात.

सुट्टी लागेपर्यंत कसेही करून ढकलणे

ही सर्वांत सामान्य आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ‘एवढ्या परीक्षा उरकू देत, मग जरा श्वास घेऊ,’ असे म्हणत पालक जेवणाच्या वेळा, व्यायाम, मित्रमैत्रिणींशी बोलणे, स्वतःची दुखणीखुपणी, सारे काही पुढे ढकलतात. पण सुट्टी मुलांच्या शाळेला असते, पालकांच्या कामाला नसते. शाळा बंद झाली की दिवसातले जे पाच-सहा तास मुले बाहेर असत, तेही घराच्या वाट्याला येतात. नोकरी तशीच चालू राहते, मुलांना दिवसभर कोण पाहणार हा प्रश्न नव्याने उभा राहतो आणि ठरलेले वेळापत्रक मोडल्याने भांडणे वाढतात. ज्या विश्रांतीच्या भरवशावर पालकाने स्वतःला ओढत आणलेले असते, ती मिळत नाही, आणि खरा कोसळण्याचा क्षण सुट्टीतच येऊ शकतो.

म्हणून विश्रांती सुट्टीवर सोपवू नये, ती आजच्या आठवड्यात बसवावी. आठवड्यातून दोन वेळा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या तासाला, मुलांची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे असेल अशी व्यवस्था करावी आणि तो तास तुंबलेली कामे उरकण्यासाठी वापरू नये. त्याचबरोबर सुट्टीतील मुलांच्या देखभालीचा आराखडा शाळा सुरू असतानाच करावा: कोणत्या दिवशी मूल कोणाकडे असेल, पालकांपैकी कोण कधी रजा घेईल, कोणते दिवस अजून मोकळे आहेत, हे कागदावर आले की मनावरचे निम्मे ओझे तिथेच उतरते. सुट्टीचा पहिला आठवडा शिबिरांनी, वर्गांनी आणि प्रवासाने भरून टाकू नये. मुलांनाही काही दिवस काहीही न करता घालवण्याची गरज असते.

मनाचा दुरावा न ओळखणे

संध्याकाळी मूल गृहपाठाची वही घेऊन शेजारी बसते आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते. पालकाच्या कानावर शब्द पडतात, पण आत काही पोहोचत नाही. दप्तर भरले जाते, डबा तयार होतो, वहीवर सही होते, सारे काही वेळेवर पार पडते. फक्त मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलणे उरत नाही. दमलेले मन कर्तव्य तेवढे चालू ठेवते आणि भावना आवरती घेते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ते लक्षात यायला उशीर होतो.

या टप्प्यावर दोन प्रकारचे चुकीचे निष्कर्ष काढले जातात. काही पालक दोष मुलाला देतात. ते हट्टी झाले आहे, त्याला शिस्त राहिलेली नाही, असे मानून अधिक कडक नियम लावतात आणि रोजचा संघर्ष वाढवतात. मूलही वर्षअखेरीस दमलेले असते आणि त्याची चिडचिड पुष्कळदा थकव्यातूनच येत असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसरे पालक दोष स्वतःला देतात. आपण वाईट आई किंवा वाईट बाप आहोत, असे त्यांना वाटू लागते, त्या अपराधीपणापोटी ते आणखी कामे अंगावर घेतात आणि आणखी दमतात. हे दुसरे चक्र मला अधिक चिंतेचे वाटते, कारण ते चांगल्या पालकपणासारखे दिसते आणि घरातले कोणी त्याला अडवत नाही.

उपाय छोटा असावा, म्हणजे तो दमलेल्या माणसालाही पेलतो. दिवसातून दहा मिनिटे मुलाजवळ बसावे, त्यात अभ्यासाचा, गुणांचा किंवा उद्याच्या तयारीचा विषय काढू नये, आणि बोलायचे की गप्प बसायचे हे मुलालाच ठरवू द्यावे. आवाज चढला, तर शांत झाल्यावर स्पष्टपणे सांगावे: ‘मी मघाशी ओरडले, ते चुकलं. मी दमले होते, पण त्यात तुझा दोष नव्हता.’ या माफीला ‘पण तूही ऐकत नाहीस’ अशी शेपटी जोडू नये. नात्यात तडा जाणे टाळता येत नाही, पण तो वेळीच सांधला की मुलाचा विश्वास टिकतो.

प्रत्येक गोष्ट शंभर टक्के करण्याचा अट्टहास

फिनलंडमधील पालकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘लोक माझ्याकडून परिपूर्ण पालक असण्याची अपेक्षा करतात’ ही भावना आणि बर्नआउट यांचा संबंध आढळून आला. वर्षअखेरीस ही भावना भडकायला निमित्ते पुष्कळ असतात. पालकांच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता एखाद्या मुलाच्या देखण्या प्रकल्पाचे छायाचित्र येते आणि आपल्या मुलाने स्वतःच्या हाताने केलेला, कडेला डिंक ओघळलेला प्रकल्प अचानक कमी दर्जाचा वाटू लागतो. मग मूल झोपल्यावर पालक तो पुन्हा करायला बसतात. हे करू नये. प्रकल्प मुलाचा आहे, आणि तो मुलाच्या वयाला शोभेल असाच दिसला पाहिजे.

उरलेल्या आठवड्यांतील सर्व कामे एकदा लिहून काढावीत आणि कोणती केलीच पाहिजेत, कोणती जेमतेम केली तरी चालतील व कोणती सोडून देता येतील, हे ठरवावे. परीक्षेचा अर्ज पहिल्या गटातला, कार्यक्रमाचा पोशाख दुसऱ्या गटातला, आणि प्रत्येक निरोप समारंभाला हजेरी लावणे तिसऱ्या. तिसऱ्या गटात निदान दोन-तीन कामे आलीच पाहिजेत. तो गट रिकामा राहिला, तर यादी पुन्हा करावी. ग्रुपचे संदेश रात्री पाहणे बंद करून दिवसातील एक ठरावीक वेळ त्यासाठी राखावी.

झोपेतून वेळ काढणे

मुले झोपल्यावर मिळणारा एकांत हवाहवासा वाटतो आणि मोबाईल पाहता पाहता मध्यरात्र उलटते. ही ओढ समजण्यासारखी आहे, पण प्रौढांना किमान ७ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने रागावरील ताबा लवकर सुटतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण तर मुलांच्याही उपयोगाचे नसते.

मदत मोघमपणे मागणे, किंवा मागणेच टाळणे

४२ देशांतील १७ हजारांहून अधिक पालकांच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, व्यक्तिवादी संस्कृती असलेल्या देशांमध्ये बर्नआउटचे प्रमाण अधिक आढळले. मूल वाढवणे ही एकट्याची जबाबदारी मानली गेली की मदत मागणे कमीपणाचे वाटू लागते. घरात दोन पालक असले तरी सर्व तारखा, याद्या आणि सूचना लक्षात ठेवण्याचे काम बहुधा एकाच्याच डोक्यात असते, आणि दुसरा ‘काय करायचं ते सांग’ म्हणतो. अशा मदतीने हात हलके होतात, डोके होत नाही. त्यामुळे सुटी कामे वाटण्याऐवजी अख्खी जबाबदारी सोपवावी. उदाहरणार्थ, परीक्षेचे वेळापत्रक, साहित्य आणि ने-आण पूर्णपणे एकाने सांभाळावी, आणि त्यात दुसऱ्याने लक्ष घालू नये, चुका काढू नयेत. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनी वर्गातील दुसऱ्या पालकाशी ने-आणीची अदलाबदल करावी आणि विचारताना नेमके विचारावे: ‘मंगळवारी आणि गुरुवारी माझ्या मुलीला घरी सोडाल का?’ अशा प्रश्नाला होकार देणे समोरच्यालाही सोपे जाते.

उपचारांना उशीर करणे

घर सोडून निघून जावे असे वारंवार वाटणे, मुलावर हात उगारला जाणे, मुलाच्या जेवणाखाण्याकडे किंवा आजारपणाकडे दुर्लक्ष होणे, सतत रडू येणे किंवा जगणेच नकोसे वाटणे, यांपैकी काहीही घडत असेल तर घरगुती उपायांवर विसंबू नये. स्वतःला किंवा मुलाला इजा होईल अशी भीती वाटल्यास मूल त्याच क्षणी विश्वासू व्यक्तीकडे सोपवून तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. पालकांच्या बर्नआउटवर उपचार होतात आणि ते उपयोगी पडतात: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ आठवड्यांच्या गटसमुपदेशनानंतर पालकांची लक्षणे कमी झाली आणि केसांत मोजल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाणही उतरले. डॉक्टरांकडे जाताना नुसते ‘दमायला होतं’ असे सांगू नये. किती आठवड्यांपासून असे आहे, झोप किती लागते, मुलांशी वागताना काय बदलले आहे आणि मनात कोणते विचार येतात, हे लिहून न्यावे. नैराश्य, थायरॉइडचे विकार आणि रक्तक्षय यांमुळेही असाच थकवा येतो, त्यामुळे त्यांची तपासणी करून घेण्याविषयी त्याच भेटीत विचारावे.