मागचा पिस्टन दाबायचा नसतो

माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. मामांनी इंग्लंडहून परतताना ती सोबत आणली आणि पुढे गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसणे जमेना, तेव्हा माझ्या गळ्यात घातली. तिचे मागचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज मी गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात स्वतः बदलले. एका रविवारच्या या कामाला मला सात आठवडे लागले. चाक कसे काढावे, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर का टेकवावी, हॅन्डब्रेक सोडून पुढच्या चाकांना ठोकळे का लावावेत, हे तुम्हांला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. ठाऊक नसेल तर हे काम आज मुळीच करू नका.

पुढचे पॅड मी त्याआधी दोनदा बदलले होते. तिथे पिस्टन, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या, मागे सारायला सी-क्लॅम्प पुरतो, म्हणून मागेही तोच लावला. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, त्यामुळे हॅन्डब्रेकवाला मागचा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) उघडलेला माणूस गल्लीतल्या गॅरेजात सहसा भेटत नाही. ज्यांच्या हाताखाली मी शनिवार-रविवार शिकत होतो त्या उस्तादांनीही “गंजलाय, अजून आवळ” एवढेच फोनवर सांगितले. मी आवळले. क्लॅम्पचा दांडा वाकला, पिस्टन केसभरही हलला नाही आणि तिसऱ्या पिळाला कॅलिपरच्या आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. पुढचे सहा आठवडे दुसऱ्या कॅलिपरची वाट पाहण्यात गेले. फोनवरून निदान करणाऱ्या गुरूंबद्दल तेव्हापासून माझे मत फारसे चांगले नाही.

घडले ते असे. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्येच हॅन्डब्रेकची यंत्रणा बसवलेली असते आणि पिस्टन आतून एका पेचाला धरलेला असतो. तो ढकलून मागे जात नाही, पेच फिरवूनच मागे घ्यावा लागतो. कॅलिपरच्या पाठीमागे, हॅन्डब्रेकची केबल जिथे जोडलेली असते त्याच्या जवळ, एक बोल्ट दिसतो. चिखल आणि काजळीखाली तो इतर बोल्टांसारखाच वाटतो, पण ते केवळ बूच आहे. ते काढले की आत ४ मिलिमीटरच्या एलन कीची खाच सापडते. कीकडे पाहत ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवून कॅलिपर जागेवर आला की ती घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला टेकून चाक फिरेनासे होईपर्यंत फिरवायची आणि मग एक तृतीयांश फेरा उलट घ्यायची. हे दोन्ही चाकांना करायचे आणि बूच परत लावायचे. ही जुळवणी टाळली तर हॅन्डब्रेकचा दांडा पार वर येतो. मग लोक केबल ताणत बसतात आणि मूळ दोष आत तसाच राहतो. पुन्हा सांगतो, पिस्टन हलत नसेल तर जोर वाढवू नका, हात थांबवा. काही गाड्यांत पिस्टनच्या तोंडाला खाचा असतात आणि पिस्टनच फिरवावा लागतो. ती युक्ती इथे चालत नाही.

एवढे ध्यानात ठेवले तर बाकीच्या कामाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पॅड बदलणे अर्ध्या तासाचे आहे. फक्त सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवा. होज बदलताना मात्र धातूच्या नळीच्या नटाला साधा पाना लावू नका. आपल्या खाऱ्या हवेत तो नट नळीला घट्ट धरतो, त्याचे कोपरे झिजतात आणि मग नळीच पिळली जाते. नागदेवी स्ट्रीटवरून १० मिलिमीटरचा फ्लेअर नट पाना, म्हणजे नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा पाना, आणा आणि गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. कॅलिपरकडच्या पोकळ बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. हजारोंचा होज आणून दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. मुंबईच्या जुलैत उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वापरू नका. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. होज सोडल्याने नळ्यांत शिरलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) सर्वांत लांबचे चाक आधी घ्या. उजव्या स्टीअरिंगच्या या गाडीत ते मागचे डावे. पेडलवर आमची आई बसली होती. “दाब, धर” इथपर्यंत सारे ठीक चालले, परंतु मी निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू) बंद करण्यापूर्वीच ती दयाबुद्धीने पाय उचलत असे आणि काढलेली हवा परत आत जाई. शेवटी “मी ‘सोड’ म्हणेपर्यंत तुझा पाय तुझा नाही” असे तिला बजावावे लागले. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी मात्र दर चार-पाच दाबांनी पाहा. ती रिकामी झाली तर सारे पहिल्यापासून करावे लागते.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबा आणि पहिली फेरी आवारातच मारा. रात्री दोन्ही मागच्या चाकांखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. माझ्या डाव्या चाकाखालचा कागद सकाळी रुपयाएवढा ओला निघाला. पोकळ बोल्ट सोडून पाहिला, तर एका बाजूला जुना वॉशर चिकटून राहिला होता आणि मी त्याच्यावरच नवा चढवला होता.