सहा आठवड्यांचा गिटार रियाज: पहिल्या दिवसाआधी काय तयार हवं

सहा आठवडे रोज दोन तास गिटार वाजवायची, असं ठरवायला एक संध्याकाळ पुरते. असे बेत बहुतेक दुसऱ्या आठवड्यात मोडतात आणि त्यामागे आळस क्वचितच असतो. खुर्चीत बसल्यावर ‘आज काय घ्यावं?’ हा प्रश्न पडतो आणि हात आपोआप येत असलेल्या गाण्यांकडे वळतात. नाहीतर पहिल्या तीन दिवसांतच इतकं वाजवलं जातं की चौथ्या दिवशी मनगट उचलवत नाही. या दोन्हींचा बंदोबस्त आधी करता येतो. रियाजाला बसल्यावर ठरवण्यासारखं काही उरू नये, एवढ्यासाठी ही यादी आहे. ओपन कॉर्ड्स येतात, चार-पाच गाणी न थांबता वाजतात, पण बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायची कॉर्ड) दगा देते आणि लय वाढली की बोटं अडखळतात, अशा वादकासाठी ती लिहिली आहे.

वाद्याची तपासणी सुरू करण्याच्या किमान आठवडाभर आधी करा, कारण काही दुरुस्ती निघाली तर वेळ लागतो. आधी ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्टीपासूनची) उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. स्टीलच्या तारांच्या ॲकूस्टिकवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेला सुमारे २.४ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक पहिलीला १.८ च्या आसपास मिळालं तर ठीक. इलेक्ट्रिकवर १.६ ते २ चालतं. नायलॉन तारांच्या क्लासिकलवर ४ आणि ३ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत, ती पाहून घाबरू नये. मग नेकचा बाक पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवर फट किती दिसते ते बघा. साध्या कागदाचे दोन पदर जेमतेम सरकतील, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या जवळपास, एवढी फट पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, फिरवावा लागतो. तो एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि दर वेळी तारा पुन्हा सुरात लावूनच माप घ्या. हात धजत नसेल तर कारागिराकडे द्या.

नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीची, तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि एफ कॉर्ड न जमण्याचं कारण अनेकदा तिथेच दडलेलं असतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती जागा उरते ते पाहा. केसाएवढी फट हवी. स्पष्ट दिसण्याइतकी मोठी असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. मग पहिल्या फ्रेटवर कितीही ताकद लावली तरी सहाही तारा स्वच्छ वाजणार नाहीत, आणि त्या ताकदीची किंमत अंगठ्याच्या बुडाचा स्नायू मोजेल. खाचा घासणं हे कानशीचं नाजूक काम आहे. एक घासा जास्त झाला की तार उघडी वाजवतानाच खरखरते, म्हणून हे घरी करू नका.

तारा नव्या घाला, पण पहिल्या दिवशी सकाळी नाही. नवी तार ताणत राहते आणि सूर उतरत राहतो. स्टीलला एक-दोन दिवस, नायलॉनला त्याहून बरेच जास्त दिवस स्थिरावायला लागतात. ॲकूस्टिकवर बाराचा सेट (पहिली तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची) असेल आणि बोटं लवकर थकत असतील तर अकराचा किंवा दहाचा घ्यायला हरकत नाही. मात्र बारीक तारांचा ताण कमी असतो, त्यामुळे नेक थोडी सरळ होते आणि जी गिटार काल ठीक होती ती आज खरखरू लागते. म्हणूनच जाडी बदलायची असेल तर बाकीच्या मापांआधी बदला आणि मग मोजा. एक पूर्ण सेट आणि पहिल्या तारेच्या दोन सुट्या प्रती जवळ ठेवा. रोज वाजवलेल्या, घाम लागलेल्या तारा चौथ्या आठवड्यापर्यंत मंद होतात. दर बैठकीनंतर कोरड्या कापडाने पुसल्या तर जास्त टिकतात. क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका, त्यांचा ताण ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) उखडू शकतो.

नव्या तारा स्थिरावल्या की बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो भाग, मागे सरकवायला हवं. इलेक्ट्रिकवर हे स्क्रूने होतं, ॲकूस्टिकवर कारागिराचं काम आहे. सुरात लावताना नेहमी खालून वर या. सूर चढला तर तार सैल करून खाली न्या आणि पुन्हा वर आणा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई निघून जाते आणि दोन कॉर्ड वाजवल्यावर तार उतरत नाही.

बसण्याची जागा पटकन होते. हात नसलेली खुर्ची, मांडी जमिनीला समांतर राहील इतकी उंच. नोटेशन किंवा टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणारं लेखन) डोळ्यांच्या पातळीवर येईल असा स्टँड. उभं राहून वाजवणार असाल तर बसल्यावरही पट्टा लावा आणि दोन्ही वेळा गिटार एकाच उंचीवर येईल अशी त्याची लांबी ठेवा. गिटार स्टँडवर हाताच्या अंतरावर असू द्या, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर लाकूड सुखी असतं. फार कोरड्या हवेत मात्र केसमध्ये ठेवणंच बरं. डाव्या हाताची नखं तार बोटाच्या टोकाने दाबता येईल इतकी कापलेली हवीत. पिक एकाच जाडीच्या तीन ठेवा. एकेका तारेवरच्या वेगवान कामाला १ मिलिमीटर किंवा जास्त जाडीची पिक घ्या, कारण पातळ पिक वाकते आणि परत सरळ व्हायला वेळ घेते. स्ट्रमिंगला मात्र ०.७ बरी वाटते.

मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं साधन) आणि रेकॉर्डिंग एकाच फोनवर ठेवू नका. मेट्रोनोम वेगळा असेल तर फोन विमान मोडवर टाकून फक्त रेकॉर्डिंगला वापरता येतो.

आता खरं काम: काय वाजवायचं. एक रचना, एक तंत्र, एक माहितीचा विषय. सहा आठवड्यांना एवढं भरपूर आहे. पाच रचना आणि चार तंत्रं घेतली तर प्रत्येकाला रोज दहा मिनिटं येतात आणि कशाचीच पकड बसत नाही. रचना कागदावर घ्या आणि दोन-दोन मात्राखंडांचे तुकडे करून त्यांना क्रमांक द्या. बत्तीस खंडांच्या रचनेचे सोळा तुकडे होतील, त्यातले अडणारे पाच-सहाच असतात. त्यांच्याभोवती गोल काढा. प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याच्या पहिल्या सुरापर्यंत वाजवायचा असं लिहून ठेवा, कारण चूक बहुधा तुकड्यात नसून सांध्यात असते. डाव्या हाताची बोटं १ ते ४ आकड्यांनी आताच लिहून टाका. तिसऱ्या आठवड्यात बोटं बदलली तर हाताला आधी जुनी सवय विसरावी लागते आणि मग नवी शिकावी लागते.

सुरुवातीची नोंद घेतल्याशिवाय पहिला दिवस धरू नका. चार गोष्टी मोजा. जी आणि सी या कॉर्ड्समध्ये एका मिनिटात किती स्वच्छ बदल होतात. जी मेजर स्केल, सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपर्यंत दोन सप्तकं, ठोक्याला दोन सूर, जास्तीत जास्त कोणत्या लयीत बिनचूक येते. एफ बार कॉर्ड धरून एकेक तार छेडली तर सहांपैकी किती बोलतात. आणि निवडलेली रचना जशी येते तशी, न थांबता, रेकॉर्ड करा. फोन गिटारपासून किती अंतरावर ठेवला ते वहीत लिहा.

वेळेचा आराखडा आज प्रत्यक्षात किती वाजवता त्यावरून काढा, किती वाजवायची इच्छा आहे त्यावरून नाही. आज रोज ४० मिनिटं होत असतील तर पहिल्या आठवड्यात २५ मिनिटांची दोन सत्रं ठेवा, मधे पाच मिनिटं उठून चाला. दुसऱ्या आठवड्यात १० मिनिटांचं तिसरं सत्र जोडा, तिसऱ्यात तेच २५ चं करा. चौथा आठवडा मुद्दाम हलका, पुन्हा दोनच सत्रं. पाचव्यात तीन पूर्ण आणि चौथं १० मिनिटांचं, सहाव्यात चारही पूर्ण. म्हणजे ‘रोज दोन तास’ हे, मधल्या विश्रांती धरून, जवळपास शेवटच्या आठवड्यातच भरतात. हे अनेकांना कमी वाटतं. पण स्नायूंपेक्षा स्नायुबंध हळू सरावतात, आणि दुखावले तर रियाज दिवसांनी नाही, महिन्यांनी मागे जातो. आठवड्यातला एक दिवस गिटार हातातच घ्यायची नाही. त्या दिवशी रचना कागदावर नजर ठेवून ऐका किंवा फ्रेटबोर्डचे सूर लिहून काढा.

पहिल्या सत्राची पहिली पाच मिनिटं हात तापवायची. पाचव्या फ्रेटपासून १-२-३-४ बोटं, ६० च्या लयीत (मिनिटाला ६० ठोके) ठोक्याला एक सूर, सगळ्या तारांवर. पहिल्या फ्रेटपासून सुरू करू नका. तिथे फ्रेट रुंद असतात आणि थंड हाताला तेवढा ताण देण्याची गरज नसते. उरलेला वेळ निवडलेल्या तंत्राचा. दुसरं सत्र अडणाऱ्या तुकड्यांचं: तीन तुकडे, प्रत्येकी चार मिनिटं, आणि मग तेच तीन पुन्हा. एकच तुकडा सलग पंचवीस मिनिटं घोटला तर त्या क्षणी फार जमल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी गायब होतो; फिरवून घेतला तर सुरुवात खडबडीत होते पण टिकतो. तिसरं सत्र कॉर्ड, लय आणि फ्रेटबोर्डचं, चौथं पूर्ण रचना आणि कानाने उतरवून घेण्याचं.

लय वाढवण्याचा नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी मनाशी घासाघीस होत नाही. सलग पाच वेळा बिनचूक आलं तर चार ठोके वाढवा. सलग दोनदा चुकलं तर आठ ठोके मागे या. संथ लयीतही बोटं तारेपासून फार उचलू नका. ६० च्या लयीत ठोक्याला चार सूर म्हणजे सेकंदाला चार, १२० ला तेच आठ. संथपणी उंच उचलण्याची सवय लागलेली बोटं आठ सुरांना पुरी पडत नाहीत. लय एका जागी अडकली तर फक्त चार-पाच सूर पूर्ण वेगात वाजवून थांबा, मग पुढचे चार-पाच घ्या. चार मात्रांच्या रचनेत मेट्रोनोम अधूनमधून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. प्रत्येक ठोका मिळत असताना जी घाई लपते ती इथे लगेच उघडी पडते.

तंत्र म्हणून बार कॉर्ड निवडली असेल तर ती पाचव्या फ्रेटवर सुरू करा. नटजवळ तार सर्वांत ताठ लागते, म्हणून तिसऱ्या फ्रेटवर तिसऱ्या आठवड्यात या आणि पहिल्यावर पाचव्यात. तर्जनी सपाट ठेवण्याऐवजी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, म्हणजे हाडाची कड तारांवर येते. पेराची रेघ एखाद्या तारेखाली आली तर ती तार बोलत नाही. बोट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवा. ई कॉर्डच्या आकाराच्या बारमध्ये तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा दाबायच्या असतात, मधल्या तीन बाकीची बोटं सांभाळतात. हे लक्षात आलं की निम्मी ताकद वाचते. दहा सेकंद धरा, सोडा, हात झटका. दिवसाला पाच मिनिटांवर नाही. अंगठा नेकवरून क्षणभर काढून कॉर्ड वाजते का पाहा. अजिबात वाजत नसेल तर हाताच्या वजनाऐवजी अंगठ्याच्या चिमटीनेच सगळं काम चाललं आहे.

बोटांची टोकं हुळहुळणं अपेक्षित आहे. घट्टे पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि आंघोळीनंतर लगेच, त्वचा मऊ असताना, वाजवू नये. मनगट, दंड, कोपर किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखणं, मुंग्या येणं, बधिरपणा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याच क्षणी थांबा. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनेही गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. ‘थोडं दुखतंय पण सत्र पूर्ण करतो’ या वाक्याला आराखड्यात जागा नाही.

फ्रेटबोर्डचे सूर आठवड्याला एक तार या हिशेबाने शिका. सहावी आणि पाचवी आधी, कारण बार कॉर्डचा मूळ सूर तिथेच असतो. पहिली तार सहावीसारखीच असल्याने शेवटचा आठवडा उजळणीला मोकळा मिळतो.

वहीत छत्तीस पानं आखून ठेवा: तारीख, तुकड्याचा क्रमांक, लय, आणि चूक एका ओळीत. ‘बरं झालं’ असं लिहू नका. ‘तुकडा ७, ७२, तिसऱ्या बोटाला उशीर’ असं लिहा. शेवटच्या सत्राची अखेरची दोन मिनिटं उद्याचे तुकडे आणि सुरुवातीची लय लिहायला राखून ठेवा. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाजवायचं नाही. वेळच नसेल अशा दिवसासाठी पंधरा मिनिटांचं पान तयार हवं: तीन मिनिटं हात तापवणं, आठ मिनिटं सर्वांत अवघड तुकडा, चार मिनिटं रचना.

आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसावर आताच खूण करा. तेच चार मोजमाप पुन्हा घ्यायचे, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, फोन वहीत लिहिलेल्या अंतरावर ठेवून.