मेडिकल इमेजिंगची पदवी : प्रवेशापासून इंटर्नशिपपर्यंतचा अभ्यास कसा करावा

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन रुग्णालयात काम करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यांना मेडिकल इमेजिंगची पदवी हा चांगला पर्याय आहे. मात्र ‘मशीन चालवायला शिकवणारा कोर्स’ अशी त्याची जी ओळख करून दिली जाते, ती फार अपुरी आहे. एक्स-रे काढणारा किंवा सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ एकाच क्षणी भौतिकशास्त्र, शरीररचना आणि समोरचा घाबरलेला माणूस अशा तिन्ही गोष्टी हाताळत असतो. म्हणून या विषयांचा अभ्यास तीन वेगळ्या वह्यांत न ठेवता पहिल्या दिवसापासून एकत्र करावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी

या पदवीची नावे विद्यापीठागणिक बदलतात. कुठे ती बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी असते, कुठे बी.एस्सी. रेडिओलॉजी अँड इमेजिंग, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली बीपीएमटी या नावाने पॅरामेडिकल पदवीचे शिक्षण दिले जाते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असणे ही सर्वसाधारण अट आहे. नावापेक्षा महत्त्वाचा आहे तो अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यातील तासांची संख्या. २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात इमेजिंग तंत्रज्ञांचा समावेश आहे, आणि ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण त्यात अपेक्षित धरले आहे. आपण निवडलेला अभ्यासक्रम या मोजमापात बसतो का, हे माहितीपत्रकावर न विसंबता विद्यापीठाच्या अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत मिळवून स्वतः पडताळावे.

महाविद्यालय पाहायला जाताना इमारतीपेक्षा त्याच्याशी जोडलेल्या रुग्णालयाचा एक्स-रे विभाग सकाळी अकराच्या सुमारास पाहावा. बाहेर रांग आहे का, विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभे आहेत की भिंतीशी टेकून पाहत आहेत, सीटी आणि एमआरआय त्याच रुग्णालयात आहेत की ‘टाय-अप’च्या नावाखाली शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, आणि रात्रपाळीत विद्यार्थ्यांना थांबू देतात का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढची तीन-चार वर्षे कशी जातील याचा बराच अंदाज येतो. ज्या संस्थेकडे रुग्णच नाहीत, तिथे कितीही महागडे यंत्र असले तरी हात बसत नाही. पत्राद्वारे किंवा केवळ ऑनलाइन पद्धतीने ही पदवी देऊ करणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.

पहिले वर्ष : शरीर बोटांनी वाचायला शिकणे

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र यांसारखे पायाभूत विषय असतात आणि बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. तंत्रज्ञाला मात्र कातडीखाली काय आहे ते कातडीवरून ओळखावे लागते. मानेच्या मागे बोटाला ठळक लागणारा उंचवटा हा मानेचा सातवा मणका असतो. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. अशा खुणा आधी स्वतःच्या आणि मग वर्गमित्राच्या शरीरावर शोधून पक्क्या कराव्यात, कारण लठ्ठ रुग्णाचा किंवा प्लास्टरमध्ये असलेल्या पायाचा एक्स-रे काढताना याच खुणांवर भिस्त असते. त्याचबरोबर आडव्या छेदांची सवय सुरुवातीपासून लावावी. सीटीच्या आडव्या छेदाकडे आपण रुग्णाच्या पायांच्या बाजूने पाहत असतो, त्यामुळे यकृत पडद्यावर आपल्या डाव्या हाताला दिसते. हे एकदा नीट मनात बसले की पुढचे पुष्कळ गोंधळ टळतात.

भौतिकशास्त्र : कन्सोलजवळ बसून

या पदवीत सर्वाधिक विद्यार्थी भौतिकशास्त्रात अडखळतात, आणि त्याचे कारण विषयाच्या काठिण्यापेक्षा तो शिकण्याच्या जागेत आहे. केव्हीपी, म्हणजे एक्स-रे नळीला दिलेला विद्युतदाब, वाढवली की किरणांची भेदकता वाढते आणि प्रतिमेतला काळ्या-पांढऱ्याचा फरक कमी होतो. एमएएस, म्हणजे नळीतला विद्युतप्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार, वाढवले की किरणांची संख्या वाढते. ही वाक्ये वहीत लिहून लक्षात राहत नाहीत. विभागातल्या वरिष्ठांची परवानगी घेऊन फॅन्टमवर, म्हणजे चाचणीसाठीच्या कृत्रिम नमुन्यावर, ७० केव्हीपीला एक प्रतिमा घ्यावी, मग केव्हीपी सुमारे १५ टक्क्यांनी, म्हणजे ८०पर्यंत, वाढवून एमएएस निम्मे करावे आणि दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीवर, पोहोचणारे किरण जवळजवळ तेवढेच असले तरी हाडांच्या कडा आणि मऊ ऊती यांतला फरक बदललेला दिसतो. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता एकचतुर्थांश होते, हा व्यस्त वर्गाचा नियमही असाच नळीचे अंतर बदलून पाहावा. डिजिटल यंत्रे जास्त एक्सपोजर, म्हणजे किरणांची जास्त मात्रा, दिलेली प्रतिमासुद्धा सुबक करून दाखवतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही आणि रुग्णाला मात्र अनावश्यक किरणे मिळतात. म्हणून प्रत्येक प्रतिमेबरोबर दिसणारा, डिटेक्टरवर किती किरणे पोहोचली हे सांगणारा एक्सपोजर इंडेक्सचा आकडा वाचण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे.

सीटीसाठी, कोणता पदार्थ किरणे किती अडवतो हे सांगणाऱ्या हाउन्सफिल्ड एककांची मोजपट्टी तोंडपाठ असावी : हवा उणे १,०००, चरबी उणे १००च्या आसपास, पाणी शून्य, आणि घट्ट हाड कित्येक शेकड्यांच्या वर. मेंदू पाहताना खिडकीची, म्हणजे करड्या छटांत दाखवायच्या आकड्यांच्या पट्ट्याची, रुंदी ८० व मध्य ४० आणि फुप्फुस पाहताना रुंदी १,५०० व मध्य उणे ६०० असे का ठेवतात, हे त्या मोजपट्टीवरूनच उलगडते. एमआरआयच्या बाबतीत प्रतिमा हातात आली की सर्वप्रथम मेंदूभोवतालचे पाणी शोधावे. ते काळे असेल तर बहुधा टी-१ आणि पांढरे असेल तर टी-२; ऊतींतला फरक वेगवेगळ्या रीतीने दाखवणारे हे एमआरआय प्रतिमांचे दोन प्रकार. दीड टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला, म्हणजे रेडिओ लहरींच्या वारंवारतेला, प्रतिसाद देतात, हा आकडा एका टेस्लासाठीच्या ४२.५८ला दीडने गुणून मिळतो, आणि एवढा एक गुणाकार समजला की रेडिओ लहरींचा तिथे संबंध काय, हा प्रश्न उरत नाही.

छातीचा एक्स-रे : सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड तपासणी

ज्याला छातीचा पीए व्ह्यू (किरण पाठीकडून छातीकडे जाणारी प्रतिमा) उत्तम काढता येतो, त्याला बाकीचे पुष्कळसे शिकवता येते, असे मी मानतो. रुग्ण डिटेक्टरकडे तोंड करून उभा राहतो, हनुवटी वर, पंजे उलटे करून कमरेवर आणि खांदे पुढे झुकवलेले, जेणेकरून खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत. नळी १८० सेंटिमीटरवर असते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असल्यामुळे ते या स्थितीत डिटेक्टरच्या जवळ येते आणि त्याचा आकार फारसा फुगत नाही. पलंगावर झोपवून पोर्टेबल मशीनने काढलेल्या एपी, म्हणजे किरण छातीकडून पाठीकडे जाणाऱ्या, प्रतिमेत हृदय मोठे दिसण्याचे एक प्रमुख कारण हेच.

एक्सपोजरपूर्वीची दोन मिनिटे मात्र पुस्तकात सापडत नाहीत. मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, तावीज, ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन, हे सगळे काढायला सांगताना ते रुग्णाच्या नातेवाइकाच्याच हाती द्यावे. वेणी असेल तर ती वर बांधायला सांगावी, कारण खांद्यावर आलेल्या केसांची सावली फुप्फुसाच्या नेमक्या वरच्या टोकावर पडते, आणि क्षयरोगाच्या खुणा डॉक्टर मुख्यतः तिथेच शोधत असतात. ‘आजी, छाती भरून श्वास घ्या, आता रोखून धरा’ हे एकदा करवून घ्यावे आणि दुसऱ्या श्वासाला एक्सपोजर द्यावे. प्रतिमा आल्यावर गळ्याजवळची दोन्ही हाडे मधल्या मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, पाठीमागच्या दहाएक बरगड्या श्वासपटलाच्या वर मोजता येतात का आणि फुप्फुसांचे खालचे कोपरे कापले गेले नाहीत ना, हे रुग्णाला सोडण्याआधी पाहावे. जी प्रतिमा पुन्हा काढावी लागली, तिचे कारण स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. महिनाअखेरीस ती वही चाळली की आपला हात नेमका कुठे कमी पडतो हे स्वच्छ कळते.

सुरक्षा आणि कायदा

भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित कामावर मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. किरणक्षेत्रात काम करणाऱ्यासाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे. अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज छातीच्या उंचीवर, लेड एप्रनच्या (किरणे अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनच्या) आत लावावा, दुसऱ्याला कधीही देऊ नये आणि चुकूनही एक्स-रे रूममध्ये टांगून ठेवू नये, कारण मग त्यावरची नोंद कोणाचीच राहत नाही. एप्रन घडी न घालता टांगावा. घडीवर आतला थर चिरतो आणि बाहेरून ते दिसत नाही. स्त्री रुग्णाला गर्भधारणेच्या शक्यतेविषयी विचारणे बंधनकारक समजावे, पण ते रांगेसमोर मोठ्याने न विचारता आत, हळू आवाजात विचारावे.

एमआरआयचे चुंबक रात्री, सुटीच्या दिवशी, मशीन ‘बंद’ दिसत असतानाही चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. दारापाशी उभे राहून प्रत्येकाला, नातेवाइकांना आणि वॉर्डबॉयलासुद्धा, धातूविषयी विचारणे हे तंत्रज्ञाचेच काम आहे. सोनोग्राफीच्या बाबतीत १९९४चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा मुळातून वाचावा. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्येच केला होता, ही बाब आपल्या विद्यार्थ्यांनी माहीत करून घेण्यासारखी आहे.

इंटर्नशिप आणि कागदपत्रे

इंटर्नशिपमध्ये सीटी आणि एमआरआयच्या वातानुकूलित खोलीत बसण्याकडे सर्वांचा कल असतो. मी मात्र अपघात विभाग, अतिदक्षता विभागातील पोर्टेबल आणि शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना प्रतिमा दाखवणारे फिरते एक्स-रे यंत्र) या तीन ठिकाणी मुद्दाम अधिक वेळ मागून घेण्याचा सल्ला देईन. मान मोडल्याचा संशय असलेल्या रुग्णाला न हलवता नळी फिरवून प्रतिमा घेणे तिथेच शिकता येते. रोज एखादी तरी तपासणी निवडून रेडिओलॉजिस्टने तिचा रिपोर्ट काय दिला ते दुसऱ्या दिवशी वाचावे.

पुढे जिल्हा रुग्णालयांतील क्ष-किरण तंत्रज्ञ किंवा क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी यांसारखी पदे असोत, खासगी केंद्र असो की एम.एस्सी., सर्वत्र कागदपत्रे चोख लागतात. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफर म्हणून काम करायचे असल्यास तिथल्या एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते, आणि अशा नोंदणीसाठी अभ्यासक्रमाचा तासनिहाय तपशील देण्याची वेळ येते. तेव्हा महाविद्यालय सोडण्यापूर्वी विद्यापीठाच्या शिक्क्याचा संपूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, एक्स-रे, सीटी, एमआरआय असे विभागवार तास नमूद केलेले इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, आणि आपल्या नावाचा बॅज असल्यास त्याचा क्रमांक व आजवरची डोस-नोंद, एवढे सर्व लेखी मिळवून एका फाइलमध्ये लावून ठेवावे.