चित्र झालं, आता वस्तू करा: बदलत्या इंडस्ट्रियल डिझाइनमध्ये टिकायचं कसं

पूर्वी मीटिंगला चित्रं घेऊन डिझायनर जायचा. आता क्लायंटच फोनवर चाळीस चित्रं घेऊन येतो, आदल्या रात्री एआयकडून काढून घेतलेली, आणि म्हणतो, "यातलं सतरावं आवडलंय, एवढं करून द्या." मी हातात धरायची विजेची उपकरणं डिझाइन करते: ट्रिमर, हँड व्हॅक्यूम, छोटे ड्रिल, असल्या वस्तू. आमच्या कामात सगळ्यात आधी काय स्वस्त झालं असेल, तर देखणं चित्र. एके काळी नुसत्या मार्कर रेंडरिंगवर, म्हणजे मार्कर पेनांनी रंगवलेल्या चित्रावर, नोकरी लागायची. आज तेवढ्यावर मुलाखतीलाही बोलावणं येत नाही.

यावरून धंदाच बुडाला असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. चित्राआधीचं काम, म्हणजे नेमकं काय बनवायचं आणि कुणासाठी हे ठरवणं, होतं तिथेच आहे. चित्रानंतरचं काम तर वाढलंय. आपल्यातले पुष्कळजण मधल्या तुकड्यावर पोट भरत होते, अडचण त्यांची झाली आहे. दोन्ही टोकांकडे सरकावं लागणार. मी इथे जास्त बोलणार आहे नंतरच्या टोकाबद्दल, कारण नव्या मुलामुलींच्या कामात मला तिथलीच उणीव दिसते.

तसं पाहिलं तर हा पेशा सुरुवातीला इतका अरुंद नव्हताच. १९०७ मध्ये जर्मन वास्तुकार पेटर बेहरेन्स एईजी या विजेच्या कंपनीचे कलासल्लागार झाले, तेव्हा दिवे आणि किटल्या तर त्यांनी केल्याच. शिवाय बोधचिन्ह, जाहिराती आणि टर्बाइनच्या कारखान्याची इमारतही केली. १९२९ मध्ये डिझायनर रेमंड लोवी यांनी गेस्टेटनरच्या कॉपी काढायच्या यंत्राला मॉडेलिंगच्या मातीने मढवून नवं कवच दिलं आणि उघडे पडलेले सुटे भाग झाकले. दोघेही आपलेच पूर्वज. पण पुढे बाजारात लोवींची वाट जास्त चालली. कवच सुचवायचं काम एआयला बऱ्यापैकी जमतं. बेहरेन्स यांचं काम त्याला अजून जमत नाही.

सतराव्या चित्राचं काय करायचं

नाकं मुरडू नका. क्लायंटची आवड कळली, हा फायदाच आहे. चित्र कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर मापात ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पार्श्वभूमीला लावा आणि त्यातल्या हातावरून किंवा बटणावरून अंदाजे माप ठरवा. मग आतलं सामान ठोकळ्यांच्या रूपात खऱ्या मापात ठेवा: मोटर, सर्किट बोर्ड, बॅटरी, स्विच.

इथेच निम्मी चित्रं गळतात. उदाहरण मुठीचं घेऊ. १८६५० नावाचा लिथियम सेल १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांब असतो. आकडा वाचला की माप कळतं. त्याभोवती होल्डर, थोडी मोकळी जागा, प्रत्येक बाजूला अडीच मिमीची भिंत आणि वर रबराचा थर. मूठ झाली जवळजवळ ३० मिमी. घट्ट धरायच्या मुठीला साधारण ३० ते ४० मिमी व्यास बरा पडतो, म्हणजे एक सेल आरामात बसला. २१७०० सेल घेतला तरी ३३ पर्यंत निभावतं. पण चित्रातल्या नाजूक मुठीत दोन सेल शेजारी शेजारी घालायचे म्हटलं, तर ४५ मिमीच्या वर जातं आणि लहान हाताच्या माणसाला ती वस्तू धरताच येत नाही. सेल एकामागे एक लावले तर १३० मिमी लांबी नुसती त्यांनाच लागते. हा हिशेब अर्ध्या तासाचा आहे आणि मीटिंगमध्येच करून दाखवावा. "असं होणार नाही" म्हणून सांगण्यापेक्षा ठोकळे कवचाबाहेर डोकावताना दिसले की क्लायंट स्वतःच "मग काय करूया" विचारतो. तिथून तुमचं काम सुरू होतं.

मग पुढचे प्रश्न. मोटर गार करायला हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते? चित्रात बहुधा जाळीच नसते, किंवा असते ती नेमकी तळव्याखाली झाकली जाईल अशा जागी. वजनाचा मध्य मुठीपासून किती लांब पडतो? कवचाचे दोन अर्धे कुठे जोडलेत, म्हणजे पार्टिंग लाइन कुठे? एआयला सांधे आवडत नाहीत. त्याच्या वस्तू एकसंध गोट्यासारख्या असतात. साच्यातून येणाऱ्या वस्तूला सांधा असणारच. तो लपवायचा, की त्याचीच रेघ करून मिरवायची, हा निर्णय मला आकारापेक्षाही मोठा वाटतो.

साचेवाल्याकडे लवकर जा

थ्रीडी प्रिंटरने आपलं भलं केलं आणि डोळ्यावर पडदाही टाकला. २००९ मध्ये एफडीएमचं, म्हणजे प्लास्टिक वितळवून थरावर थर छापायच्या पद्धतीचं, मूळ पेटंट संपलं, प्रिंटर टेबलावर आले, आणि सकाळी सुचलेलं संध्याकाळी हातात घेता येऊ लागलं. पण प्रिंटर काहीही छापतो: उलट्या खाचा, जाड गठ्ठे, सरळसोट भिंती. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचा, साचा तसं खपवून घेत नाही. म्हणून प्रिंट घ्यायचा तो पकड, वजन, बटणाची पोच तपासायला. त्यावरून उत्पादनाचा भाग तयार झाला असं समजू नका.

कुठल्याही डिझायनरला तोंडपाठ असावेत असे थोडे नियम. भाग साच्यातून सुटायला भिंतींना १ ते २ अंशांचा उतार द्यावा लागतो, तो ड्राफ्ट. टेक्स्चर असेल तर त्याच्या दर ०.०२५ मिमी खोलीमागे आणखी साधारण १ अंश. भिंतीची जाडी शक्यतो सगळीकडे सारखी. आतली रिब, म्हणजे भिंतीला मजबुती देणारी पट्टी, भिंतीच्या ५० ते ६० टक्क्यांहून जाड नको, नाहीतर बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डा पडतो, त्याला सिंक मार्क म्हणतात. तुमच्या सुंदर चकचकीत काळ्या कव्हरवर तो आधी दिसतो.

साचेवाल्याची आणखी एक गोष्ट शिकून घ्या: साच्यातून धातू काढणं सोपं, पुन्हा भरणं त्रासाचं. साचा खोदला की भाग जाड होतो, भाग बारीक करायचा तर साच्यावर वेल्डिंग. म्हणून ज्या फटीबद्दल किंवा क्लिपबद्दल खात्री नाही, तिथे भाग मुद्दाम थोडा बारीक किंवा सैल ठेवायचा, आणि पहिले नमुने, म्हणजे टी-१, आले की साचा खोदून घट्ट करायचा. याला टूलरूममध्ये 'स्टील सेफ' म्हणतात. हे माहीत असलेल्या डिझायनरशी साचेवाला वेगळ्या सुरात बोलतो.

रिसायकल केलेल्या प्लास्टिकचा आग्रह आता जवळपास प्रत्येक ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटने लिहून दिलेल्या मागणीत, असतो आणि तो बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात आठवतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. एबीएस हे प्लास्टिक थंड होताना साधारण ०.५ टक्का आकसतं, पॉलिप्रोपिलीन हे दुसरं प्लास्टिक १.५ टक्क्यांच्या आसपास. २०० मिमीच्या भागावर हा फरक २ मिमीचा झाला. त्याच साच्यात नुसता दाणा, म्हणजे कच्चं प्लास्टिक, बदलून झाकण बसत नाही. मटेरियल साच्याआधी ठरवा. रिसायकल दाण्याचा रंग लॉटगणिक थोडा हलतो, त्यामुळे शुभ्र पांढरा आणि आरशासारखा काळा सोडून द्या. मॅट टेक्स्चर, गडद किंवा ठिपकेदार रंग त्याला शोभतात. सीएमएफवाल्यांना, म्हणजे रंग, मटेरियल आणि फिनिश ठरवणाऱ्यांना, हे बंधन वाटतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात गमतीची कामं यातूनच निघाली आहेत.

उघडता येईल अशी वस्तू

माझ्या कामात सर्वांत मोठा बदल एआयने आणला नाही, स्क्रूड्रायव्हरने आणला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. तीही बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी. उष्णता देऊन किंवा रसायन लावून गोंद सोडवायचा नाही. पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना सवलत आहे. उपकरणाचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर ५ वर्षं त्याची बॅटरी सुटा भाग म्हणून मिळायला हवी. फोन आणि टॅब्लेटसाठी २० जून २०२५ पासून वेगळे नियम लागू आहेत आणि त्यांच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. फ्रान्सने तर २०२१ पासूनच काही उपकरणांना दुरुस्तीसाठी १० पैकी गुण द्यायला सुरुवात केली होती. एवढ्या मोठ्या बाजारासाठी वेगळं मॉडेल काढणं परवडत नाही, त्यामुळे हे नियम तिथे न विकणाऱ्यांच्या ड्रॉइंगपर्यंतही येऊन पोचतात.

याचा अभ्यास कसा करायचा? फ्रेंच गुणपत्रिकेचे निकष सरळ आपल्या कामाला लावा: माहिती मिळते का, वस्तू सुटी कशी होते, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत वस्तूच्या मानाने किती. मग प्रोटोटाइप टीमबाहेरच्या माणसाच्या हातात द्या, बॅटरी बदलायला सांगा आणि गप्प बसा. कुठे नख लावलं, कुठे जोर केला, कुठला स्क्रू कुठला हे कुठे विसरला, ते लिहून घ्या. या चाचणीत मला वारंवार दिसतं ते असं. स्क्रूंच्या दोन-तीन लांब्या असल्या की माणूस हमखास लांब स्क्रू उथळ जागी पिळतो. एकच लांबी वापरा. प्लास्टिकच्या बॉसमध्ये, म्हणजे स्क्रूसाठीच्या पोकळ खांबात, थेट पिळलेला स्क्रू दोन-चार उघडझाकीत आटे खातो. बॅटरीच्या झाकणाला पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली नळी, द्या. आणि क्लिप लपवू नका. कुठे दाबायचं हे न दिसल्यामुळे माणूस भलतीकडे जोर लावतो आणि चांगली क्लिप मोडते.

"वॉटरप्रूफ करायचंय म्हणून चिकटवावंच लागतं" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. मनगटी घड्याळं कित्येक दशकं गॅस्केट बदलून, मागचं झाकण उघडून बॅटरी बदलत आली आहेत. ओ-रिंगला, म्हणजे रबराच्या गोल कड्याला, नीट खोबण आणि सारखा दाब मिळाला तर आयपी६७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, गोंदाशिवाय गाठता येतं. जागा जास्त लागते, हे खरं. ती मिळवण्यासाठी इंजिनिअरशी भांडणं हा आता आपल्या कामाचा भाग आहे.

पाहायला उदाहरणं हवीत तर २०१५ चा फेअरफोन २ आणि २०२१ पासूनचे फ्रेमवर्कचे लॅपटॉप बघा. फ्रेमवर्कने आतल्या भागांवर क्यूआर कोड छापले आणि खोक्यात स्क्रूड्रायव्हर दिला. आतला भागही बघण्यासाठीच केलेला दिसतो. जिथे पूर्वी फक्त हिरवा बोर्ड आणि चिकटपट्टी असायची, तिथे डिझायनरला नवा पृष्ठभाग मिळाला आहे.

वायफाय असलेल्या वस्तू

थोडक्यात सांगते. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या होम हबची, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या यंत्राची, सेवा मालक कंपनी नेस्टने बंद केली आणि लोकांच्या घरातली चालती यंत्रं निकामी झाली. तेव्हापासून मी प्रत्येक जोडलेल्या वस्तूच्या ब्रीफमध्ये एक प्रश्न घालते: सर्व्हर बंद पडला तर ही वस्तू काय काय करेल? दिवा निदान बटणाने लागला पाहिजे. ही स्थिती स्केचमध्ये काढा, ॲपवाल्यांवर सोडू नका.

एआय वापराच, पण

सुरुवातीला, दिशा शोधताना, मूडबोर्डऐवजी. सामान आणि सांधे ठरल्यावर पुन्हा, त्याच ढाच्यावर रंग आणि पृष्ठभाग पाहायला. मधल्या टप्प्यात हात आणि कॅड. क्लायंटची कॅड फाइल किंवा ब्रीफ सार्वजनिक टूलमध्ये टाकू नका. आधी करार वाचा. हाताची स्केचं तारखेसह जपून ठेवा. अमेरिकेत निव्वळ यंत्राने बनवलेल्या कलाकृतीला कॉपीराइट मिळत नाही, हे तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मालकीचा वाद निघाला तर माणसाने काय ठरवलं हे दाखवायची वेळ येते. डिझाइन नोंदणी करायची असेल तर त्याआधी चित्र सोशल मीडियावर टाकण्याचा मोह आवरा. नावीन्य गेलं की कित्येक ठिकाणी हक्कही जातो.

पोर्टफोलिओ आणि कोटेशन

मी माणसं निवडते तेव्हा पहिल्या पानावरच्या रेंडरवर थांबत नाही. सुटे करून मांडलेले भाग शोधते. सांधा इथेच का, हे सांगणारी दोन ओळींची टीप शोधते. सोडून दिलेला चांगला पर्याय आणि त्याचं कारण दिसलं तर फोन करते. तीन प्रकल्प पुरेत. नवशिक्यांचं एक दुःख खरं आहे: पूर्वी चाळीस स्केचं काढता काढता हात आणि डोळा तयार व्हायचा, तो सराव आता कुणी पैसे देऊन करून घेत नाही. त्याला पर्याय म्हणून बिघडलेल्या वस्तू गोळा करा आणि उघडा. प्रत्येकीचे भाग मोजा, भिंतीची जाडी कॅलिपरने मापा, साच्यात दाणा कुठून शिरला ती गेटची खूण शोधा, भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे पाहा. मग तीच वस्तू निम्म्या स्क्रूंत कशी जुळेल ते काढून बघा. हे पान पोर्टफोलिओत घाला. मी ते नक्की वाचेन.

स्वतंत्र काम करत असाल तर कन्सेप्टच्या संख्येवर दर लावणं बंद करा, त्या हिशेबात मशिनशी स्पर्धा आहे. टप्प्यांवर लावा: आतली मांडणी, साचेवाल्याबरोबरची पडताळणी, उघडझाक चाचणी, टी-१ नमुन्यांची तपासणी. शेवटचा हप्ता टी-१ नंतरच्या दुरुस्त्यांशी बांधा, आणि साचेवाल्याकडे तुम्ही स्वतः जाणार हे कोटेशनमध्येच लिहा. क्लायंट हा खर्च कापायला बघेल. तेवढी एक ओळ कापू देऊ नका.